चूल, छाती आणि डोळा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'फुप्फुसं आणि म्हातारपणचे डोळ्यांचे आजार'. त्याकडे येतोच, पण आधी माझी एक जुनी तक्रार ऐका. डोळ्यांच्या केसपेपरवर साखर विचारतात, बीपी विचारतात, बिडी-तंबाखूचाही रकाना असतो. चुलीचा मात्र नसतो.

एका नेत्रशिबिरात साठीच्या मावशी समोर बसल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. माझ्या सहायकाने विचारलं, "मावशी, बिडी ओढता का?" "अगं माय, काहीतरीच काय इचारता!" त्याने लिहिलं, 'नाही'. मावशी स्टुलावरून उठल्या आणि चार पावलांवर भिंतीला हात टेकून धापा टाकू लागल्या. मग मी विचारलं, "स्वयंपाक कशावर करता?" "चुलीवर. गॅस हाय की, पन त्यो पाव्हनं आले की."

हसलात ना? ज्यांच्या गावाकडच्या घरी सिलिंडर असाच पाहुण्यांसाठी राखलेला आहे, त्यांनी हात वर करा. बघा किती झाले! उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, घराघरात शेगडी पोचली. पण सिलिंडर पुन्हा भरायचा तर पैसे लागतात. पऱ्हाट्या आणि गोवऱ्या घरच्याच असतात.

आता फुंकणी डोळ्यांपुढे आणा. ओल्या सरपणाला जाळ धरत नाही, म्हणून बाई वाकते. तोंड जाळापासून हातभर अंतरावर, डोळे चुरचुरून अर्धे मिटलेले. फुंकण्यासाठी ती आधी खोल श्वास घेते आणि तो श्वास धुराचाच असतो. वर्षानुवर्षं असं चाललं की बिडीला कधी हात न लावलेल्या बाईलाही सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसून धाप लागणारा फुप्फुसाचा आजार होतो. धुरातले विषारी घटक फुप्फुसातून रक्तात उतरतात आणि डोळ्यातल्या भिंगापर्यंत पोचतात. भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं जन्मभर तीच राहतात, बदलून नवी येत नाहीत. त्यांची झीज साठत जाते आणि भिंग गढूळ होतं, तोच मोतीबिंदू. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आकड्यांवरून संशोधकांनी दाखवलं, की सरपण-शेणी जाळणाऱ्या घरांत अंशतः अंधत्व जास्त आहे. हे १९९९ ला प्रसिद्ध झालं. रकाना अजून आलेला नाही, याचा मला खरंच राग येतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. भरभर सांगतो.

दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर मोतीबिंदू लवकर येतो, काहींच्या डोळ्यांतला दाबही वाढतो. श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडच्या जास्त मात्रेच्या पंपानेही ही शक्यता वाढते. म्हणून पंप आपल्या मनाने बंद करू नका, श्वास आधी. पण दरवर्षी भिंग आणि डोळ्यांचा दाब तपासून घ्या, आणि नेत्रतज्ज्ञाला पंपाचं नाव सांगा.

दुसरं, म्हातारपणी होणारी डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाची झीज, म्हणजे एएमडी. सिगारेटमुळे तिचा धोका दोन ते चार पट होतो. त्यावर २००१ च्या अमेरिकन अभ्यासातून जीवनसत्त्वांच्या गोळ्या आल्या, त्यांत बीटा-कॅरोटीन होतं. आणि फिनलंडच्या धूम्रपान करणाऱ्यांवरच्या अभ्यासात तेच बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग जास्त निघालेला, १९९४ लाच! २०१३ च्या पुढच्या अभ्यासानंतर त्याजागी ल्युटीन आणि झिॲक्सँथिन आलं. तेव्हा ज्यांनी कधीकाळी सिगारेट ओढली असेल, सोडून वीस वर्षं झाली असली तरी, त्यांनी आज घरी गेल्यावर डोळ्यांच्या गोळ्यांची डबी फिरवून मागचं लेबल वाचा. बीटा-कॅरोटीन दिसलं तर डॉक्टरांना विचारून गोळी बदलून घ्या.