करमत नाही

(दृश्य: दांडिया बाजार, सकाळ. दारांवरच्या मराठी आडनावांच्या पाट्या.)

बडोद्याच्या या बोळातल्या एका घरात खानदेशची सून आली. आता सहावा महिना. आज बुधवार, ममता दिवस, म्हणजे गरोदर बायांच्या तपासणीचा दिवस. सासूबाई सोबत आहेत.

(दृश्य: वजनकाटा, बीपीचा पट्टा, ममता कार्डावर लिहिणारा हात.)

वजन झालं, बीपी झालं, बोटाला टोचून हिमोग्लोबिनही झालं. नर्सबेन विचारतात, "बधुं बराबर ने?" सून मान हलवते. उत्तर सासूबाई देतात, "एकदम मजामां!"

झाली तपासणी.

माहेरी फोनवर ती आईला एवढंच म्हणते, "करमत नाही गं." गावाची आठवण आली तरी हाच शब्द, आणि पंधरा-पंधरा दिवस कशातच जीव रमत नसला तरी हाच. आईही मग म्हणते, होतं असं पहिल्या खेपेला. कधी खरंच तेवढंच असतं. पण जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सांगतो, की विकसनशील देशांत १५.६ टक्के गरोदर स्त्रियांना मानसिक आजार असतो, मुख्यतः नैराश्य. बाळंतपणानंतर १९.८ टक्के.

ओळखायचं कसं? नैराश्य हेरणारी एडिंबरो प्रश्नावली १९८७ पासून आहे. दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दल. थकवा, भूक ती विचारतच नाही. पोटुशी बाई थकणारच. दहावा प्रश्न मात्र स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तो सासूसमोर विचारून काय उपयोग?

आणि मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून, हा प्रश्न येतोच. पाकिस्तानात रावळपिंडीच्या खेड्यांत नैराश्यातल्या गरोदर बायांना सावरायचं काम तिथल्याच आरोग्यसेविकांना शिकवलं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून त्या घरी जाऊन बसायच्या, बोलायच्या. २००८ साली निष्कर्ष छापून आले: बाळ सहा महिन्यांचं होईतो त्यांच्याकडच्या २३ टक्के आयांमध्ये नैराश्य उरलं होतं, ज्यांच्याकडे नेहमीच्याच भेटी झाल्या, त्यांच्यात ५३ टक्के.

(दृश्य: डोहाळजेवण, हिरवा चुडा. मग बस स्टँड.)

आपल्याकडे एक घोळ आणखी आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत सहा वेळा येतात, पण त्या तिकडच्या. इथे जिची जरा ओळख झाली होती, ती बडोद्यातच राहते. बरोबर जातं ते फक्त कार्ड.

(दृश्य: पुढचा ममता दिवस. तेच टेबल.)

"बा, तमे जरा बहार बेसो ने." सासूबाई कुरकुरत उठतात. नर्सबेन स्टूल जवळ ओढतात. गुजराती नको, मोडक्या हिंदीत विचारतात, घर में मन लगता है?

सून बराच वेळ कार्डाचा कोपरा दुमडत राहते.

"करमत नाही."

"गमतुं नथी?"

ती मान हलवते. या वेळी आडवी नाही, उभी. नर्सबेन १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर चिठ्ठीवर लिहून देतात, पुढच्या बुधवारी एकटीनं यायला सांगतात, आणि कार्डाच्या कडेला, जिथे कसलाच रकाना नाही, तिथे पेन्सिलीनं दोन शब्द लिहितात.