बाली: फोटोतलं तळं कुठे आहे?

(दृश्य: मधोमध उभं चिरल्यासारखं दगडी प्रवेशद्वार. त्या फटीतून दिसणारा आगुंग पर्वत. खाली स्वच्छ पाण्यात दोन्हींचं प्रतिबिंब.)

हा फोटो तुम्ही नक्की पाहिला असणार. कुणाच्या तरी स्टेटसला, हनिमून पॅकेजच्या जाहिरातीत, नाहीतर ऑफिसातल्या कुणीतरी कौतुकाने फोन पुढे करून दाखवलेला. बालीच्या पूर्व टोकाचं हे देऊळ, पुरा लेम्पुयांग. दक्षिणेच्या कुता किनाऱ्यापासून गाडीने अडीच-तीन तास. एवढा प्रवास करून आलेला माणूस आधी पाणी शोधतो.

पाणी नाही. तळं नाही, डबकंसुद्धा नाही. साधी फरसबंदी आहे.

(दृश्य: बसलेला फोटोग्राफर, जवळून.)

जे काही आहे ते या माणसाच्या हातात आहे. तुमचाच फोन तो घेतो, लेन्सच्या खालच्या कडेला एक छोटा आरसा आडवा धरतो आणि जरासा कलवतो. क्षणात दरवाजा उलटा होऊन 'पाण्यात' उतरतो. मग हुकूम सुटतात: हात वर, एक उडी, एकमेकांकडे बघा, झालं, पुढचा नंबर! इकडे कॅमेऱ्याच्या मागे टोकन घेऊन बसलेली मंडळी आहेत. कुणी पेंगतंय, कुणी फोन चार्ज करतंय, कुणी भाड्याचं सारोंग, म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड, सावरतंय. गर्दीच्या दिवसांत दोन-तीन तास सहज जातात. तोवर आगुंग ढगात गेला, तर फोटोत पर्वतही नाही.

याला फसवणूक म्हणावं का? मला तसं वाटत नाही. तो आरसा लपवत नाही, सगळ्यांसमोर धरतो. आरसा नको, आहे तसा काढा, असं सांगणारा क्वचितच भेटतो. आणि खरं लेम्पुयांग इथून पुढे सुरू होतं. डोंगरभर पसरलेली देवळं, आणि माथ्यावरच्या देवळापर्यंत सुमारे १,७०० पायऱ्या. त्या वाटेला रांग नसते.

(दृश्य: बालीचा नकाशा. दक्षिण टोकावर लाल ठिपके.)

बाली म्हणजे लहानसं बेट, स्कूटर घेतली की झालं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते गोव्याच्या दीडपट आहे. वस्ती ४० लाखांवर, आणि २०२४ मध्ये ६० लाखांहून जास्त परदेशी पाहुणे येऊन गेले. रेल्वे नाही. विमानतळ, कुता, सेमिन्याक, चांगू सगळं दक्षिणेला एकमेकांना चिकटून. उबुद नकाशावर हाताच्या अंतरावर दिसतं, पण ड्रायव्हर दीड-दोन तास सांगतो आणि तेवढे लागतात. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस तर विमानतळाच्या वाटेवर अशी कोंडी झाली, की विमान चुकेल या भीतीने लोक बॅगा ओढत टोल रस्त्यावरून चालत निघाले.

आपल्याकडच्या पाहुण्यांची आणखी एक खास अपेक्षा असते. हिंदू बेट आहे, म्हणजे आपल्यासारखंच असेल. देवळात दर्शन होईल, जेवण शाकाहारी मिळेल. तर, इथल्या देवळांच्या आतल्या अंगणात पूजेला आलेल्यांखेरीज सहसा कुणाला सोडत नाहीत. गाभारा, त्यात मूर्ती, समोर रांग असा प्रकार नाही. सगळ्यात उंच जागी पद्मासन असतं, म्हणजे देवासाठी ठेवलेलं रिकामं दगडी आसन. आणि सणासमारंभाचा मानाचा पदार्थ कोणता? बाबी गुलिंग, मसाला भरून अख्खं भाजलेलं डुक्कर. ठेपल्यांची पाकिटं घेऊन आलेल्या ग्रुपचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे असतात.

साम्य आहे, पण ते भलत्याच ठिकाणी सापडतं. आपल्या पंचांगात आणि लग्नपत्रिकेत जे शके लिहितात, तेच वर्ष बालीतही चालतं. तिथलं नववर्ष म्हणजे न्येपी. २०२३ मध्ये न्येपी आणि आपला गुढीपाडवा एकाच दिवशी आले, २२ मार्चला. आपण गुढी उभारतो, ढोल-ताशे लावून शोभायात्रा काढतो. तिथे दणदणाट असतो तो आदल्या संध्याकाळी, राक्षसांचे प्रचंड पुतळे नाचवत. न्येपीला दिवे नाहीत, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळ पूर्ण २४ तास बंद, मोबाइल इंटरनेटही बंद. गावचे पेचालांग, म्हणजे पारंपरिक रखवालदार, रस्त्यावर कुणी दिसलं तर परत पाठवतात. पाहुण्यांनीही हॉटेलच्या आतच थांबायचं. 'आमचा एक दिवस फुकट गेला' अशी तक्रार करणारे भेटतात. तिकीट काढताना तारीख बघायला हवी होती, एवढंच त्यांना सांगता येईल.

(दृश्य: कुता किनारा, सकाळ. ट्रॅक्टर.)

तारखेवरून आठवलं. नाताळची सुट्टी म्हणजे बालीचा हंगाम, आणि नेमका तेव्हाच पावसाळा. पश्चिमेचे वारे सुरू होतात. कुता, सेमिन्याक, जिंबारान हे पश्चिमेला तोंड असलेले किनारे. नद्यांनी समुद्रात नेलेलं प्लास्टिक, इथलंही आणि शेजारच्या जावाचंही, लाटांबरोबर याच वाळूवर येऊन पडतं. बाटल्या, पिशव्या, चपला, बांबूचे तुकडे. भल्या सकाळी कामगार आणि ट्रॅक्टर ते उचलतात. नाश्ता उरकून पाहुणे येतात तोवर वाळू बऱ्यापैकी साफ दिसते, आणि पुढच्या भरतीला पुन्हा तेच. २०१७ मध्ये तर किनाऱ्याच्या सहा किलोमीटरच्या पट्ट्यात कचऱ्याची आणीबाणी जाहीर करावी लागली होती. २०१९ पासून प्लास्टिक पिशव्या, स्ट्रॉ आणि थर्माकोलवर बंदी आहे. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पाहुण्याकडून दीड लाख रुपिया, म्हणजे इंडोनेशियाचं चलन, घेतले जातात. आकडा ऐकून दचकू नका, आपले साधारण आठशे रुपये.

(दृश्य: भाताची पायऱ्या-पायऱ्यांची शेतं. पाटातून वाहणारं पाणी.)

आता शेतं. इथे फोटो खोटं बोलत नाही, हिरवा रंग खरोखर तसाच असतो. फक्त फोटोत व्यवस्था दिसत नाही. या पाटांचं पाणी 'सुबक' नावाच्या शेतकरी मंडळांमार्फत वाटलं जातं. वरच्या शेताला कधी, खालच्याला कधी, पेरणी कुणाची आधी, हे पाण्याच्या देवळात बसून ठरतं. ही पद्धत शेकडो वर्षं चालू आहे, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला. अशा शेतांसाठी प्रसिद्ध असलेल्या जतिलुविह गावाला गेलात तर पाटाच्या कडेने थोडं चाला. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर पाणी कसं फुटतं, कुठे दगड लावून अडवलंय, ते बघत तासभर सहज जातो.

उबुदजवळच्या तेगलालांग गावात मात्र शेतांवर झोपाळे टांगलेत. लांब झगा भाड्याने घ्यायचा, झोका घ्यायचा, ड्रोनने शूटिंग. पलीकडे व्हिला उभे राहतायत, जाहिरातीत खिडकीतून दिसणारं भाताचं शेत, आणि बांधकाम कालपरवापर्यंत भात पिकत होता त्याच जमिनीवर. झोपाळ्याचं एक तिकीट जेवढं देतं, तेवढ्यासाठी भात किती विकावा लागेल, हा हिशेब शेतकऱ्यालाही येतो. म्हणून कुणी बांधावर दानपेटी ठेवतो, कुणी स्वतःच झोपाळा बांधतो, कुणी जमीन भाडेपट्ट्याने देऊन मोकळा होतो. पण पाट सामाईक असतो. मधलं एक शेत गेलं, की खालच्यांच्या पाण्याचा प्रश्न पुन्हा देवळातल्या बैठकीत येतो.