तडीपार

(वसंत व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, ‘व्यक्तिस्वातंत्र्य आणि शासनसत्तेच्या मर्यादा’ असा भारदस्त विषय पत्रिकेवर छापलाय. मी तालुक्याच्या कोर्टात उभं आयुष्य काढलेला वकील. या विषयात शिरायला माझ्याकडे एकच दार आहे, ते म्हणजे तडीपारीची नोटीस.

‘तडीपार’ हा शब्द आपण चेष्टेत वापरतो. घरात पसारा करणाऱ्या पोरालाही आई म्हणते, आता तुला तडीपारच करते. तड म्हणजे काठ. काम ‘तडीस नेतो’ आपण, ती हीच तड. काठापलीकडे घालवलेला, तो तडीपार. सरकारी कागदावर त्याला हद्दपार म्हणतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951, कलम 55, 56, 57. यात गुन्हा शाबित व्हावा लागतोच असं नाही. कलम 56 खाली तर एखाद्याच्या वागण्यामुळे लोकांत भीती किंवा धोका आहे असं प्रांताधिकाऱ्याला किंवा पोलीस उपायुक्ताला वाटलं, की तो त्या माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढू शकतो. पाहिजे तर शेजारच्या जिल्ह्यांतूनही. परवानगीशिवाय परत आलात, तर तो वेगळा गुन्हा.

आता एक कबूल करतो. हा कायदा निव्वळ जुलमाचा आहे असं मी म्हणणार नाही. बाजारपेठेत एक दादा असतो, दर महिन्याला हप्ता नेतो. पानटपरीवाल्यापासून सराफापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं, पण कोर्टात साक्षीला कोण येणार? त्याला घर आहे, पोरंबाळं आहेत. कायद्याने हेच ओळखलं. म्हणून कलम 56 मधल्या गुन्ह्यांच्या आधारावर तडीपार करायचं, तर एक अट जोडली आहे: साक्षीदार भीतीपोटी उघडपणे पुढे यायला तयार नाहीत, असं अधिकाऱ्याचं मत झालं पाहिजे. ही अट माझ्या मते या कलमाचा कणा आहे. आणि आदेशात नेमकी तीच उरकली जाते.

नोटीस कशी असते ती पाहा. कलम 59 प्रमाणे माणसाला आरोपांचं ‘साधारण स्वरूप’ कळवायचं असतं. साधारण स्वरूप! तारीख नाही, जागा नाही, नाव नाही. ‘साक्षीदार अ’ म्हणतो तुम्ही त्याला धमकावलं, ‘साक्षीदार ब’ म्हणतो तुम्ही पैसे मागितले. कुठे, कधी? ‘सदर परिसरात’. या ‘सदर परिसरात’ला उत्तर काय द्यायचं, हे मला आजवर उमगलेलं नाही. मी तिथे नव्हतो म्हणायला आधी ‘तिथे’ म्हणजे कुठे ते कळायला नको?

माझ्याकडे आलेल्या एका नोटिशीत पहिल्या पानावर माझ्या अशिलाचं नाव होतं आणि तिसऱ्या पानावर भलत्याच माणसाचं. जुनी नोटीस संगणकावर उघडायची, नाव बदलायचं, छापायची. तिसऱ्या पानावरचं बदलायचं राहिलं. एका माणसाला घरादारापासून तोडायचं, आणि त्यासाठी सगळी नोटीस एकदा वाचूनही झालेली नाही! निवडणूक किंवा गणेशोत्सव जवळ आला, की असे प्रस्ताव गठ्ठ्याने निघतात.

हे आजचं नाही. 1897 साल, पुणे. रँडचा खून झाल्यावर सरकारने टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. न्यायमूर्ती स्ट्रॅची, नऊजणांची ज्यूरी, त्यातले सहा युरोपियन. सहा विरुद्ध तीन असा कौल पडला आणि टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. अन्याय झाला, पण तो उघड्यावर झाला. म्हणून आज मी तुम्हाला ज्यूरीची संख्यासुद्धा सांगू शकतो. त्याच वर्षी त्याच पुण्यातले सरदार नातू बंधू पकडले गेले. त्यांच्यावर खटलाच नाही. 1827 चा पंचविसावा रेग्युलेशन काढला आणि दोघांना बिनचौकशी डांबलं, ते 1899 पर्यंत. त्यांचा गुन्हा काय, हे सरकारने कोर्टात सांगितलंच नाही. शिक्षा मोठी कुणाची, असं कुणी विचारलं तर मी नातूंचं नाव घेईन.

आणीबाणीवर इथे दरवर्षी कुणी ना कुणी बोलतं, म्हणून एवढंच: 1975 मध्ये मिसा या अंतर्गत सुरक्षेच्या कायद्यात 16-अ कलम घालून सरकारने स्थानबद्धतेची कारणं गोपनीय ठरवली. रेग्युलेशन जाऊन अधिनियम आला, दुसरं काय.

राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने भारतभर मुक्तपणे फिरण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क दिला. त्याला ‘वाजवी निर्बंध’ आहेत, आणि सगळी लढाई त्या ‘वाजवी’वर आहे. मुंबईच्या पोलीस कायद्यातली तडीपारी 1952 साली सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. 1956 साली पुन्हा प्रश्न गेला, पुन्हा वैध. त्या वेळी न्यायमूर्ती जगन्नाथदास यांनी मात्र एकट्याने विरोधी मत लिहिलं. थोडक्यात, कायदा पक्का आहे. वकिलाने भांडायचं ते आदेशाशी.

तिथे सर्वोच्च न्यायालयाचाच 28 जानेवारी 2022 चा निकाल फार उपयोगाचा आहे. जालना जिल्ह्यातून दोन वर्षांसाठी तडीपार केलेल्या माणसाचं प्रकरण. न्यायमूर्ती रस्तोगी आणि न्यायमूर्ती ओक यांनी तो आदेश रद्द केला. तडीपारी हा असाधारण उपाय आहे, तो सरसकट वापरू नका. जुने गुन्हे दाखवता, त्यांचा आजच्या भीतीशी संबंध काय? आणि मला सगळ्यात आवडलेला मुद्दा: कायद्याने जास्तीत जास्त दोन वर्षं दिलीत, तुम्ही पूर्ण दोन वर्षं ठोकलीत, पण दोनच का, हे कुठे लिहिलंय? सहा महिने का पुरले नसते?

बघा, सरकारचा अधिकार कुणी काढून घेतला नाही. फक्त या माणसाला, एवढ्या दिवसांसाठी, या कारणाने, हे लिहून दाखवा म्हटलं. तेवढ्यावर आदेश कोसळतो, कारण लिहिण्यासारखं काही नसतं.

माझा एक अशील सातारा जिल्ह्यातून तडीपार होता. नीरा नदी ही आपली आणि पुणे जिल्ह्याची हद्द. तो पलीकडे नीरा गावात खोली घेऊन राहिला. दर रविवारी बायको लोणंदवरून पोरीला घेऊन यायची, डबा द्यायची, आणि संध्याकाळी तो दोघींना पुलाच्या त्या टोकापर्यंत सोडायला यायचा. पोरगी विचारायची, पप्पा, पुढे का येत नाही? त्याने तिला सांगितलं होतं, पाण्याची भीती वाटते. आदेश रद्द झाला तेव्हा दोन वर्षांतले एकोणीस महिने उलटून गेले होते. निकालाची प्रत घ्यायला तो माझ्या ऑफिसात आला, घडी करून खिशात ठेवली, आणि विचारलं, “वकीलसाहेब, पुलावर कुणी अडवलं तर हाच कागद दाखवायचा ना?”