आइसब्रेकर मागून पाहावा

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापला आहे ‘हेलसिंकीचा जहाज-कारखाना: एवढ्याशा देशाला आइसब्रेकर कसे जमले?’ त्याचं उत्तर मी देणार आहे, अगदी नक्की. आइसब्रेकर म्हणजे गोठलेल्या समुद्रात बर्फ फोडून वाट काढणारं जहाज. पण त्याआधी एक तक्रार मांडू द्या, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी राहील.

तक्रार छायाचित्रकारांबद्दल आहे. आइसब्रेकरचा फोटो म्हटला की समोरून काढलेला. उंच नाळ (म्हणजे जहाजाचं पुढचं टोक), दोन्ही बाजूंना उडणारे बर्फाचे तुकडे, आणि खाली ओळ: ‘इतक्या हजार अश्वशक्तीचा महाकाय’. बघणाऱ्याला वाटतं, पुढे पातं आहे आणि मागे ताकद आहे, झालं. माझं म्हणणं असं की आइसब्रेकर मागून पाहावा. गेल्या सव्वाशे वर्षांत त्याची खरी अक्कल पुढच्या टोकात कमी आणि प्रोपेलरच्या आसपास जास्त खर्च झालेली आहे.

पुढच्या टोकाचं काम आधी उरकतो. सपाट बर्फ दाबायला गेलात तर चिवट असतो, वाकवायला गेलात तर लवकर मोडतो. म्हणून नाळेची कड पाण्याच्या पातळीशी साधारण २० ते २५ अंशांचा कोन करून खाली तिरकी जाते. जहाज पुढे सरकतं, बर्फाच्या कडेवर थोडं चढतं, आणि त्याच्या वजनानं पट्टा वाकून मोडतो. हे मोडणं स्वस्तात होतं. महाग पडतं ते पुढचं. मोडलेला तुकडा आडवा होतो, पाण्याखाली ढकलला जातो, जहाजाच्या पोटाला घासत मागे जातो. वर ओला हिमाचा थर असेल तर तो पत्र्याला अक्षरशः चिकटतो. कॅरम बोर्डावर पावडर संपली की सोंगटीचं जे होतं, तेच इथे हजारो टनांच्या जहाजाचं होतं. इंजिन तेच, बर्फाची जाडी तीच, आणि वेग निम्मा.

म्हणून फिनलंडचे लोक शरीर गुळगुळीत ठेवण्यावर इतका जीव टाकतात. साधा जहाजी रंग बर्फात एका हिवाळ्यात खरवडून निघतो. मग पोलाद गंजतं, खडबडीत होतं आणि घर्षण वाढतं. त्यावर त्यांनी इनर्टा १६० नावाचा, द्रावक नसलेला जाड इपॉक्सी रंग काढला. १९८६ च्या ओत्सो जहाजावर तर बर्फ जिथे घासतो त्या पट्ट्यात स्टेनलेसचा थर चढवलेलं पोलाद वापरलं. इथे बसलेले जुने खलाशी लगेच विचारतील, दोन धातू एकत्र आले, मग साध्या पोलादाच्या सांध्याला गंज लागणार नाही का? लागतो. म्हणून अशा जहाजाला विद्युतप्रवाहानं गंज रोखणारी यंत्रणा सोबत द्यावीच लागते. वार्टसिलानं आणखी एक युक्ती केली: पाण्याखाली बाजूंना भोकं ठेवून त्यातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. बुडबुडे वर येताना पाणी ओढून आणतात आणि बर्फ व पत्रा यांच्यामध्ये पाण्याचा पडदा राहतो. वार्टसिला म्हटलं की आपल्याला खोपोलीचा इंजिनांचा कारखाना आठवतो. तीच कंपनी, पण एके काळी ती जहाजंही बांधायची.

आता मागच्या बाजूकडे. गोष्ट सुरू होते अमेरिकेत. मिशिगनमधल्या मॅकिनॅक सामुद्रधुनीत रेल्वेचे डबे नेणारी फेरीबोट होती, सेंट इग्नेस, १८८८ सालची. तिला पुढेही प्रोपेलर बसवला होता. पुढचा प्रोपेलर बर्फाखालचं पाणी उपसून मागे फेकतो. बर्फाचा खालचा आधार गेला की तो स्वतःच्याच वजनानं खचतो. शिवाय तेच पाणी जहाजाच्या अंगावरून धावतं आणि तुकडे धुऊन नेतं. म्हणजे घर्षणाचा प्रश्न तिथेच निम्मा सुटला.

त्याच सुमारास फिनलंड अडचणीत होता. हिवाळ्यात हांको बंदर उघडं ठेवायला १८९० मध्ये त्यांनी स्टॉकहोमहून मुर्ताया नावाचं जहाज बांधून आणलं. त्याचा पुढचा भाग चमच्यासारखा गोल आणि बोथट होता. सपाट बर्फात ठीक. पण वाऱ्यानं तुकडे एकावर एक रचून ढीग केले की ते ढीग फोडण्याऐवजी समोर ढकलत बसायचं आणि थांबायचं. मग १८९८ मध्ये सांपो आलं, इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला बांधलेलं, पुढे प्रोपेलर असलेलं. बाल्टिक समुद्रातल्या ढिगांत ते चाललं.

त्याच गावी बांधलेल्या रशियाच्या येरमाकलाही पुढे प्रोपेलर होता. ॲडमिरल माकारोव्ह ते जहाज १८९९ मध्ये स्पिट्सबर्गनकडे घेऊन गेले आणि ध्रुवीय बर्फानं ते दुखावून परत पाठवलं. पुढचा प्रोपेलर नंतर काढून टाकावा लागला. बाल्टिकचा बर्फ एका हिवाळ्याचा असतो. आर्क्टिकमध्ये अनेक वर्षं जुना, कडक आणि जाड बर्फ समोरून थेट पात्यांवर आदळतो. हा फरक पुढे कित्येक दशकं टिकला. हेलसिंकीच्या हिएतालाहती यार्डनं, म्हणजे पत्रिकेवरच्या त्या जहाज-कारखान्यानं, १९५४ मध्ये फिनलंडसाठी व्होइमा बांधलं, दोन प्रोपेलर पुढे आणि दोन मागे. पण सोव्हिएत संघाच्या आर्क्टिकसाठी १९६० च्या आसपास मोस्कवा जातीची जहाजं बांधली, तेव्हा पुढचे प्रोपेलर गायब, मागे तीन. एकाच यार्डात दोन बर्फांसाठी दोन उत्तरं.

विजेचं काय, असा प्रश्न इंजिनरूमवाल्यांच्या चेहऱ्यावर दिसतोय. प्रोपेलरच्या पात्यात बर्फाचा मोठा तुकडा अडकला की तो जवळजवळ थांबतो. डिझेल थेट जोडलेलं असेल तर इंजिन दमून बंद पडतं, नाहीतर शाफ्टवर घाव बसतो. विजेची मोटर मात्र शून्य फेऱ्यांवरही पूर्ण जोर लावू शकते, आणि काही सेकंदांत उलटी फिरते. म्हणून १९३० च्या दशकापासून बाल्टिकचे मोठे आइसब्रेकर डिझेल-इलेक्ट्रिक झाले. आधी डीसी मोटर, मग ऐंशीच्या दशकात सायक्लोकन्व्हर्टरवर (विजेची वारंवारता बदलणाऱ्या उपकरणावर) चालणारी एसी. हेलसिंकीत स्ट्रॉमबर्ग कंपनी मोटरी बनवायची आणि यार्ड त्याच शहरात. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल. शेवटी वेळ राहिला तर.

तर, बर्फात जहाज उलटं चालवलं की बरं चालतं, हे जुन्या कप्तानांना माहीत होतंच. प्रोपेलर पुढे येतो, पाणी उपसतो, ढीग चघळतो. मग सगळे उलटेच का जात नव्हते? कारण सुकाणू. साध्या जहाजात सुकाणू प्रोपेलरच्या मागे असतं. उलटं जाताना तेच सगळ्यात पुढे येतं, बर्फाचा मार त्यावर बसतो. जरासं कोनात असलं तरी वाकतं किंवा त्याचं यंत्र तुटतं. म्हणून बर्फात मागे जाताना सुकाणू मधोमध धरून ठेवायचं, हा पहिला नियम. आणि मधोमध धरलं की वळता येत नाही.

हा अडसर काढला ॲझिपॉडनं. विजेची मोटर एका बंद कवचात घालायची, ते कवच जहाजाखाली टांगायचं, प्रोपेलर थेट मोटरच्या दांड्यावर, आणि सगळं कवच ३६० अंशांत फिरवायचं. सुकाणूच नाही, त्यामुळे मोडायला काही नाही. १९९० मध्ये सेइली नावाच्या, जलमार्गाची देखभाल करणाऱ्या छोट्या फिनिश जहाजावर दीड मेगावॉटचं पहिलं यंत्र बसलं. १९९३ मध्ये उइक्कू या टँकरवर ११.४ मेगावॉटचं. मग विचार उलटाच झाला: जहाजाचा पुढचा भाग मोकळ्या समुद्रासाठी करा आणि मागचा भाग बर्फासाठी. याला ‘डबल ॲक्टिंग’ म्हणतात. टेंपेरा आणि मास्तेरा हे एक लाख टनांवरचे दोन टँकर फिनिश कंपनीसाठी जपानमध्ये बांधले गेले. दोघांनाही पुढे लाटांसाठी फुगीर नाक आणि मागे बर्फफोडी पिछाडी. २००६ मध्ये हेलसिंकीत बांधलेलं नोरिल्स्की निकेल हे मालवाहू जहाज सुमारे दीड मीटर बर्फात सोबतीच्या आइसब्रेकरशिवाय रशियातल्या दुदिंका ते मुर्मान्स्क या बंदरांदरम्यान जातं. ढिगासमोर आलं की वळतं आणि पाठ लावतं. जुन्या पद्धतीत ढीग फोडायचा म्हणजे मागे जाऊन धावत येऊन धडक, अडकलं की बाजूंच्या टाक्यांत इकडून तिकडे पाणी पंप करून जहाज हलवायचं, परत मागे, परत धडक. पाठ लावून गेलात तर प्रोपेलर ढीग सावकाश खातो आणि जहाज रांगत पुढे सरकतं. इंधन वाचतं, पत्राही वाचतो.

आणि पिछाडीची आणखी एक गंमत. बाल्टिकच्या आइसब्रेकरच्या मागे इंग्रजी व्हीसारखी, रबरानं मढवलेली खाच असते. ओढायच्या जहाजाचं नाक विंचनं (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्रानं) त्या खाचेत आवळून बसवतात आणि दोन्ही एक होऊन चालतात. फक्त हल्लीच्या मालवाहू जहाजांना पाण्याखाली फुगीर नाक असतं. ते नाक आइसब्रेकरच्या प्रोपेलरकडे जातं, म्हणून प्रत्येक जहाज असं ओढता येत नाही.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. बरं. तरी गोव्याचं एक सांगून टाकतो, कारण ते आपलं आहे. भारताच्या अंटार्क्टिक मोहिमांचं केंद्र वास्कोत आहे, आणि मोहिमांना जहाज भाड्यानं घेतात. त्यातलं एक मॅग्डालेना ओल्डेनडॉर्फ. मूळचं ते सोव्हिएत संघासाठी फिनलंडमध्ये बांधलेल्या एसए-१५ मालिकेतलं, सुमारे मीटरभर बर्फाला पुरून उरणारं. जून २००२ मध्ये अंटार्क्टिकाजवळ शंभरावर माणसांसह ते अडकलं. दक्षिण आफ्रिकेच्या अगुल्हास जहाजानं हेलिकॉप्टरनी बरीच माणसं उचलली. सोडवायला गेलं अर्जेंटिनाचं अल्मिरान्ते इरिझार, तेही १९७८ सालचं हेलसिंकीचंच! ते पोहोचलं, पण ऐन हिवाळ्यात त्यालाही जहाज मोकळ्या पाण्यापर्यंत आणता आलं नाही. सुरक्षित खाडीत लावून हिवाळा काढायला ठेवावं लागलं. जहाजाला दिलेला ‘बर्फाचा वर्ग’ म्हणजे एका ठरावीक बर्फापुरती हमी. महिना बदलला की बर्फ बदलतो.

आता पत्रिकेवरचा विषय. फिनलंडच का? घाईत सांगतो.

एक, गरज घरचीच. कडक हिवाळ्यात या देशाचं एकही बंदर गोठल्याशिवाय राहत नाही, म्हणजे आइसब्रेकर नाही तर आयात-निर्यात नाही.

दोन, गिऱ्हाईक. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाला द्यायच्या नुकसानभरपाईत जहाजं होती, त्यामुळे यार्ड वाढले. भरपाई १९५२ मध्ये संपली, ऑर्डरी सुरूच राहिल्या. कापितान बेलोउसोव, मोस्कवा, येरमाक, कापितान सोरोकिन, एकामागून एक मालिका. १९८९-९० च्या अणुशक्तीवरच्या ताइमिर आणि वायगाच ही जहाजंही हेलसिंकीत बांधली आणि अणुभट्ट्या लेनिनग्राडला बसवल्या. सायबेरियातल्या येनिसेई नदीत जायचं म्हणून त्यांचा तळ पाण्याखाली फक्त आठेक मीटर. मालिका मिळाली की पहिल्या जहाजात चुकलेलं दुसऱ्यात सुधारता येतं. ज्यांना वीस वर्षांत एक ऑर्डर मिळते, त्यांना ही संधी नसते.

तीन, टाकी. १९६९ मध्ये अमेरिकेच्या मॅनहॅटन या टँकरला आर्क्टिकच्या बर्फातून नेण्याच्या प्रयोगासाठी हेलसिंकीत एका हवाईहल्ल्याच्या आसराघरात बर्फाची चाचणी टाकी झाली. आज एकर आर्क्टिक या आराखडे करणाऱ्या फिनिश कंपनीची टाकी ७५ मीटर लांब, ८ मीटर रुंद आहे. तिथे थंड हवेत खारं पाणी बारीक फवारून थरावर थर बर्फ करतात. १:२५ च्या प्रतिकृतीला एक मीटरचा बर्फ ४ सेंटिमीटर लागतो, आणि तो पंचवीस पटींनी कमकुवतही लागतो. साधा गोठवलेला बर्फ इतका कणखर असतो की निकाल खोटे येतात.

चार, मगाशी म्हटलं ते: मोटर, यार्ड, टाकी आणि ताफा चालवणारे, सगळे जवळजवळ. कप्तानाची तक्रार आराखडा काढणाऱ्याच्या टेबलावर लगेच पोचते.

हे सगळं सुरळीत झालं असं नाही. वार्टसिलाची जहाजबांधणी कंपनी १९८९ मध्ये दिवाळखोरीत गेली. यार्डचे मालक मग नॉर्वेजियन, कोरियन, रशियन असे बदलत गेले. २०२३ मध्ये ते कॅनडाच्या डेव्ही या जहाजबांधणी कंपनीकडे गेलं, आणि आता अमेरिका व कॅनडा दोघांनाही तिथलं कौशल्य हवं आहे. अमेरिका, कॅनडा, फिनलंड यांचा आइसब्रेकरचा करार २०२४ चा.

दोन जहाजं राहिली, ती सांगून बसतो. २०१४ चं बाल्टिका: त्याचं शरीर डावीकडे एक, उजवीकडे दुसरं. तीन फिरत्या प्रोपेलरनी ते तिरकं होऊन बाजूनं बर्फात घुसतं आणि साडेवीस मीटर रुंदीच्या जहाजातून पन्नास मीटरचा रस्ता काढतं. आणि २०१६ चं पोलारिस: द्रवरूप नैसर्गिक वायू आणि डिझेल दोन्हींवर चालणारं, तीन ॲझिपॉड, दोन मागे, एक पुढे. म्हणजे सांपोचा पुढचा प्रोपेलर ११८ वर्षांनी परत आला, या वेळी फिरणारा. प्रश्न असतील तर आताच विचारा, चहा येईपर्यंत.