ही मोटार कोणाची?

मंडळी, पडद्यावर जो फोटो आहे त्यात सहा माणसं, एक कुत्रा आणि एक मोटार आहे. फोटोच्या मागे पेन्सिलीने सहाही जणांची नावं लिहिली आहेत, कुत्र्याचंसुद्धा. मोटारीचं नाव नाही. ते लिहायचं कशाला, सगळ्यांना ठाऊकच होतं की!

गेल्या शतकाच्या सुरुवातीला मोटारी काढणारे उदंड झाले होते. एकट्या अमेरिकेत हजाराहून जास्त नावांच्या गाड्या निघाल्या आणि त्यातल्या कित्येक दोन-चार वर्षांत गाशा गुंडाळून गेल्या. बऱ्याच जणांनी त्या ‘बनवल्या’ म्हणणंही जिवावर येतं. इंजिन कॉन्टिनेंटलचं नाहीतर लायकमिंगचं, आस टिमकेनचे, गिअरबॉक्स तिसऱ्याच कुणाचा. सगळं विकत आणायचं, जोडायचं आणि पुढे आपल्या नावाचा बिल्ला ठोकायचा. म्हणून मी नावाच्या मागे आधी लागत नाही. आधी काळ ठरवायचा.

फूटबोर्डवर एक डबा दिसतो का बघा. त्यात कार्बाइडवर पाणी ठिबकायचं आणि तयार होणारा अॅसिटिलीन वायू नळीने पुढच्या पितळी दिव्यांना जायचा. पुढच्या सीटला दारं नसतील तर गाडी बहुधा १९११ च्या आधीची. स्टिअरिंग उजवीकडे आहे म्हणून ती लगेच इंग्लंडची ठरवू नका. १९०८ मध्ये फोर्डने मॉडेल टी डाव्या स्टिअरिंगची आणली. तोवर अमेरिकेतल्या बऱ्याच गाड्या उजव्याच असत. यात एक मेख आहे. जुनी खूण फारसं काही सिद्ध करत नाही, कारण लोक गाड्या वर्षानुवर्षं वापरत. नवी खूण फोटोचा काळ सांगते, पण गाडीचा सांगेलच असं नाही. जुन्या गाडीला विजेचे दिवे मागाहून बसवणारे हौशी मालक काही कमी नव्हते.

मग चेहरा, म्हणजे रेडिएटर, इंजिनाचं पाणी थंड करणारी पुढची जाळी. पॅकार्डच्या रेडिएटरचा वरचा काठ बैलाच्या जोखडासारखा, लांबूनही ओळखू येणारा. रेनॉचा रेडिएटर इंजिनाच्या मागे, त्यामुळे बॉनेट पुढे उतरतं होत गेलेलं. अमेरिकेतल्या सिरॅक्यूजच्या फ्रँकलिन कंपनीचं इंजिन हवेवर थंड होणारं, म्हणजे रेडिएटरची गरजच नाही. पण विक्रेते कुरकुर करू लागले, की गाडी इतरांसारखी दिसत नाही. अखेर १९२५ मध्ये फ्रँकलिनने पुढे खोटा रेडिएटर लावला. पाण्याचा थेंब नसलेला रेडिएटर! मला ही गोष्ट फार आवडते.

चेहऱ्यानेच मला एकदा सपशेल फसवलं. टोकदार, ऐटबाज रेडिएटर बघून मी एका गाडीसाठी चार संध्याकाळी अनोळखी कंपन्यांच्या जुन्या जाहिराती चाळल्या. ती निघाली मॉडेल टी. साध्या फोर्डवर चढवायला तयार बॉनेट आणि रेडिएटरची खोळ बाजारात मिळत असे, हे मला माहीत होतं, तरी फसलो. उलगडा झाला पाट्यांमुळे, म्हणजे आसावर गाडी तोलणाऱ्या पोलादी स्प्रिंगांमुळे. बहुतेक गाड्यांना पुढे दोन पाटे, चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, लांबीच्या दिशेने. मॉडेल टीला एकच, आसाच्या वर आडवा. मुखवटा विकत मिळायचा, पण पाटे बदलण्याच्या भानगडीत कोण पडणार? तेव्हापासून मी गाडीकडे खालून वर बघतो.

कधीकधी मुखवटा खुद्द कंपनीच चढवते. नॅश या अमेरिकन कंपनीने १९२५ मध्ये अजॅक्स नावाची स्वस्त गाडी काढली. गाडी वाईट नव्हती, पण नावाला वजन नव्हतं. १९२६ मध्ये तीच गाडी ‘नॅश लाइट सिक्स’ झाली. इतकंच नाही, ज्यांनी आधी अजॅक्स घेतली होती त्यांना रेडिएटरचा बिल्ला, हबकॅप (चाकाच्या मधोमध बसणारं झाकण) वगैरे संच फुकट दिला, की तुमचीही नॅश करून घ्या. मालकांची सोय झाली, आमची पंचाईत झाली. मूळ रूपातल्या अजॅक्स आता फार थोड्या उरल्यात.

फोटोखालच्या छापील ओळीवरही विसंबू नका. फ्रेंच छायाचित्रकार झाक-आँरी लार्तीगचा शर्यतीच्या गाडीचा फोटो तुम्ही पाहिला असेल, ज्यात चाक पुढे झुकून लंबगोल झालंय आणि कडेची माणसं उलटी मागे कलली आहेत. कॅमेऱ्यातल्या शटरची फट फोटोच्या काचेवरून सरकेपर्यंत गाडी पुढे निघून गेली, तर गाडीच्या दिशेने कॅमेरा फिरवल्यामुळे माणसं कलली. त्याखाली वर्षानुवर्षं ‘देलाज, १९१२’ छापलं जायचं. गाडीवर ६ हा आकडा ढळढळीत दिसतो. शर्यतीच्या नोंदींशी तो ताडला तेव्हा गाडी निघाली १९१३ ची, आणि देलाज नव्हे तर फ्रान्समधल्या बेझाँसोंच्या तेओदोर श्नायदेर कंपनीची. एवढ्या गाजलेल्या फोटोची ही गत.

आता आपल्या फोटोकडे येऊ. कार्बाइडचा डबा आहे. पुढे दारं नाहीत, स्टिअरिंग उजवीकडे. पाटे दोन, लांबीच्या दिशेने, म्हणजे फोर्डची मॉडेल टी बाद. रेडिएटरपुढे दोघं ऐटीत उभे आहेत. हबकॅपवर नाव असणारच, भिंग घेऊन मी तेच शोधत होतो. फोटोत दिसतात दोन चाकं. मागच्या चाकापुढे बाईंचा घोळदार झगा, आणि पुढच्या हबकॅपसमोर, अगदी नेमका, कुत्रा बसलाय.