हाताला दिसलं, त्यांना नाही

[दृश्य: लांब कॉरिडॉर. वाटेत खोकी, कागदांचा गठ्ठा, कॅमेऱ्याचा ट्रायपॉड.]

हे गृहस्थ पेशाने डॉक्टर. शास्त्रीय लेखांमध्ये त्यांचं नाव फक्त टी. एन. 36 दिवसांच्या अंतराने त्यांना दोन स्ट्रोक आले. पहिल्याने मेंदूच्या मागच्या भागाची एक बाजू गेली, दुसऱ्याने दुसरी. डोळे शाबूत आहेत, पण डोळ्यांनी पाठवलेलं वाचणारा व्हिज्युअल कॉर्टेक्स निकामी झाला आहे. एरवी ते हातात पांढरी काठी घेऊन चालतात. आज काठी बाजूला ठेवायला सांगितली आहे. वाटेत सामान मांडलंय, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. सूचना एवढीच, की पलीकडच्या टोकापर्यंत चालत जा.

[टी. एन. चालू लागतात. मागे एक शास्त्रज्ञ, सांभाळायला.]

खोक्यापाशी ते किंचित वळतात. ट्रायपॉडला भिंतीकडून वळसा घालतात. कशालाही धक्का लागत नाही. टोकाला पोचल्यावर विचारलं, तर आपण कशाला चुकवत आलो याची त्यांना कल्पनाच नाही.

हा प्रयोग मेंदूशास्त्रज्ञ बिआत्रिस द गेल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केला. या प्रकाराला नाव मात्र त्याआधी, 1974 मध्येच मिळालं होतं: ब्लाइंडसाइट. आंधळी नजर म्हणा हवं तर.

[दृश्य: अंधाऱ्या खोलीत पडदा, त्यावर एक प्रकाशाचा ठिपका.]

त्या नावामागे डी. बी. नावाने ओळखला जाणारा इंग्लंडमधला एक रुग्ण आहे. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची एक गाठ काढण्यासाठी 1973 मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तिच्यासोबत उजव्या व्हिज्युअल कॉर्टेक्सचा बराचसा भाग काढावा लागला. समोर बघताना डावीकडचं जग त्यांच्यासाठी जवळजवळ पुसलं गेलं. हे अपेक्षितच होतं. पण त्या न दिसणाऱ्या बाजूला कुणी हात पुढे केला, तर डी. बी. बऱ्यापैकी अचूक तो धरायचे. डोळ्यांच्या डॉक्टरांना हे खटकलं.

मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स वाइस्क्रान्ट्झ यांनी मग एक साधी युक्ती केली. ‘काय दिसतंय?’ हा प्रश्नच त्यांनी सोडून दिला. अंध बाजूला ठिपका दाखवायचा आणि म्हणायचं, दिसत नाही ना, हरकत नाही, अंदाजाने बोट दाखवा. बोट ठिपक्याच्या आसपास जायचं. रेघ आडवी की तिरपी? अक्षर एक्स की ओ? आकार पुरेसा मोठा असला, तर उत्तरं बहुतेक वेळा बरोबर यायची. नुसते अंदाज असते, तर निम्मी चुकायला हवी होती. आपली कामगिरी कळल्यावर डी. बी. स्वतःच चकित झाले. त्यांच्या लेखी ते फक्त ठोकून देत होते.

मराठीत आपण ‘मला दिसलं’ म्हणतो आणि ‘मी पाहिलं’ असंही म्हणतो. पहिल्यात आपण काही करत नाही, गोष्ट आपल्यापर्यंत येऊन पोचते. दुसऱ्यात करणारे आपण. डी. बी. यांच्या बाबतीत दोन्ही वाक्यं खोटी पडतात. त्यांच्या हाताला दिसलं, त्यांना नाही. व्याकरणात न बसणारं हे वाक्यच मला सगळ्यात नेमकं वाटतं.

[अ‍ॅनिमेशन: डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या वाटा.]

हे होतं कसं? प्रत्येक डोळ्यामागून सुमारे 10 लाख तंतूंची एक जाड दोरी निघते. त्यातले बहुतेक तंतू थॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आतल्या एका वाटप-केंद्रात, पोचतात आणि तिथून संदेश मागच्या व्हिज्युअल कॉर्टेक्सकडे जातात. हा हमरस्ता. पण साधारण दहावा हिस्सा आधीच वेगळा होऊन मध्यमेंदूतल्या सुपीरियर कॉलिक्युलसकडे वळतो. हे केंद्र उत्क्रांतीत फार जुनं आहे. बेडूक माशी टिपतो ते त्याच्याच बेडकी आवृत्तीच्या जोरावर. ‘काय आहे’ यापेक्षा ‘कुठे आहे’ याची त्याला जास्त फिकीर. शिवाय थॅलॅमसमधूनही काही बारीक वाटा हमरस्ता टाळून थेट हालचाल ओळखणाऱ्या भागाकडे जातात. आणखी काही तंतू घरकाम करतात: बाहुली लहानमोठी करणं, शरीराच्या घड्याळाला दिवस उजाडल्याचं कळवणं. त्याची खबर आपल्याला कुणी देत नाही आणि आपणही मागत नाही.

डी. बी. यांच्या आधी या आडवाटेची सगळ्यात ठळक खूण एका माकडिणीत दिसली होती. तिचं नाव हेलन. 1965 मध्ये वाइस्क्रान्ट्झ यांच्या केंब्रिजच्या प्रयोगशाळेत तिचा व्हिज्युअल कॉर्टेक्स काढून टाकला गेला. (आज असा प्रयोग पाहताना पोटात कालवतं, हे सांगायलाच हवं.) सगळ्यांनी तिला आंधळी ठरवलं. तरुण संशोधक निकोलस हम्फ्री मात्र तिच्याजवळ बसू लागले, तिच्याशी खेळू लागले, तिला मोकळ्या जागेत फिरायला नेऊ लागले. हे वर्षानुवर्षं चाललं. हळूहळू हेलन अडथळ्यांमधून वाट काढायला शिकली, जमिनीवर विखुरलेले बेदाणे एकेक टिपून खायला लागली. पाहणाऱ्याला संशयही आला नसता. पण ती घाबरली किंवा बिथरली, की सगळं विस्कटायचं आणि अंधारात सापडल्यासारखी ती धडपडायची.

ब्लाइंडसाइटवर शंका घेणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ते म्हणतात, ही कदाचित अगदी फिकट उरलेली, पण जाणिवेतलीच दृष्टी असेल. रुग्ण तिला ‘दिसणं’ म्हणायला कचरत असतील, इतकंच. डी. बी. यांनाही कधीकधी ‘काहीतरी आहे’ असं जाणवायचं. ब्रिटिश डॉक्टर जॉर्ज रिडॉक यांनी तर 1917 मध्येच लिहून ठेवलंय, की डोक्याच्या मागे जखम झालेल्या सैनिकांना अंध भागात स्थिर वस्तू दिसत नाही, पण हललेली कळते. हललेलं कळतं, हलणारी वस्तू कशी आहे ते कळत नाही. याला दिसणं म्हणायचं का, हा वाद अजून मिटलेला नाही.

आणि हो, हे ऐकून कुणाला सिनेमाच्या पडद्यावर क्षणभर चमकणाऱ्या छुप्या जाहिराती आठवतील. 1957 मध्ये अमेरिकेत जेम्स विकरी यांनी अशा जाहिरातींनी विक्री वाढल्याचा दावा केला होता. पुढे त्यांनीच कबूल केलं, की तो बनाव होता. तो विषय इथेच सोडू.

[दृश्य: गोल चकती, तिच्यात एक तिरपी फट. हातात कार्ड.]

डी. एफ. या महिलेची गोष्ट वेगळी. 1988 मध्ये कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेनंतर त्यांना रंग दिसायचे, पण आकार ओळखता येईनात. ही फट उभी आहे की आडवी, ते त्यांना सांगता येत नव्हतं. मेल्विन गुडेल आणि डेव्हिड मिल्नर या संशोधकांनी हातात कार्ड देऊन म्हटलं, आत टाका. फटीपर्यंत पोचायच्या आत मनगट बरोबर त्या कोनात वळलेलं. वस्तू उचलतानाही बोटं तिच्या मापाची उघडायची. पण वस्तू दोन सेकंद नजरेआड केली आणि मग ती आहे असं समजून उचलायला सांगितलं, तर बोटांचं माप चुकायचं. हाताला लागणारी माहिती ताजीच लागते. ती साठवली जात नाही.

[दृश्य: आरसा. एक चेहरा.]

डोळ्यांनी टिपलेलं आपल्याला न कळण्यासाठी मेंदूला इजा व्हायलाच हवी असं नाही. आपले डोळे सेकंदाला साधारण तीनदा एका जागेवरून दुसरीकडे उडी मारतात. प्रत्येक उडीत समोरचं दृश्य फरफटतं, तरी ती फरफट आपल्या वाट्याला येत नाही. आरशासमोर उभे राहा. आधी स्वतःच्या डाव्या डोळ्यात बघा, मग उजव्या, पुन्हा डाव्या. तुमचे डोळे हलताना तुम्हाला एकदाही दिसणार नाहीत. शेजारी कुणाला तरी उभं करा आणि विचारा. त्याला ते स्पष्ट दिसत असतात.