पुडीतले केस आणि दाजींचा खोडवा

नमस्कार श्रोतेहो. आज केसांबद्दल बोलायचंय. लातूर घ्या, नांदेड घ्या, संभाजीनगर घ्या, तिशीच्या आतली पोरं हेअर ट्रान्सप्लांट करून घ्यायला लागली आहेत. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस मुळासकट काढायचे आणि पुढं, टक्कल पडलेल्या जागी लावायचे. ऑपरेशन कसं होतं यात मी शिरत नाही. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या वर्षाबद्दल. माणूस टेबलावर घाबरत नाही, तो घरी आल्यावर घाबरतो.

माझा सख्खा भाचा. गाव मांजरेच्या काठाला, घरी ऊस. मे महिन्यात लग्न ठरलेलं, आणि कपाळ मागं सरकलेलं. दसरा झाला तसा तो पुण्याला गेला आणि 2000 ग्राफ्ट लावून आला. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात.

तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन, रडतच. "दादा, लेकराचं कपाळ सुजून डोळे मिटायलेत." मी म्हटलं, ही सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरते आणि चार-पाच दिवसांत आपोआप ओसरते. दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपव. ओसरली. दहाव्या दिवसापर्यंत खपल्याही पडल्या. बारीक बारीक केस दिसायला लागले, घरात आनंद.

पाचव्या आठवड्यात, रात्री नऊच्या सुमाराला हा दारात उभा. मागं दाजी, रानातून तसेच आलेले, कारण तेव्हा त्यांच्या उसाला तोड आली होती. भाच्यानं खिशातून वर्तमानपत्राची एक पुडी काढली आणि माझ्या टेबलावर उघडली. उशीवरचे, टॉवेलवरचे, मोरीतले, सगळे केस त्यानं गोळा केले होते. जेमतेम नखाएवढे.

"मामा, केसं गळायलेत. मुळासकट यायलेत. पैसे पाण्यात गेले."

मी एक केस भिंगाखाली धरला. एका टोकाला पांढरा ठिपका, खसखशीच्या दाण्याहून बारीक. तो त्यालाच मूळ समजून बसला होता. मी विचारलं, "केस निघताना रक्त आलं का?" म्हणाला, "न्हाई." म्हटलं, मग मूळ जागेवर आहे. हा ठिपका केसाचं नुसतं टोक. मूळ कातडीच्या आत असतं, ते निघालं असतं तर रक्त आलं असतं. पण त्याला पटेना.

दाजी तोवर गप्प होते. उसाच्या पाल्यानं चिरलेल्या बोटांत त्यांनी तो केस उचलला, दिव्याकडं धरून पाहिला आणि म्हणाले, "आरं, ऊस तुटून गेलाय. बुडखा रानातच हाय. खोडवा फुटंल की." खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटून येणारा ऊस.

मी इतकी वर्षं पेशंटला हे सांगतोय, पण इतकं नेमकं मला कधी जमलं नाही. भाच्याचा चेहरा तिथंच सैलावला.

तर ऐका, पुन्हा सांगतो. लावलेले केस साधारण दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात गळतात. बहुतेकांचे गळतात. केस गळतो, मूळ राहतं. जागा बदलल्याचा धक्का बसतो म्हणून मूळ तीनेक महिने विश्रांती घेतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवा केस येतो, आधी बारीक, कधी कुरळा. त्या सुमारास डोक्यावर पुटकुळ्या येतात, त्या फोडू नका. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. सहाव्या महिन्यात फरक दिसतो, बाराव्या महिन्यात भरतो. भोवऱ्याची जागा सगळ्यात हट्टी, तिला 18 महिनेही लागतात.

भाच्याच्या फाईलमध्ये केस गळण्याबद्दल एक ओळ होती. इंग्रजीत. तोंडानं कुणी सांगितलं नव्हतं. हे मला पटत नाही. आपल्याकडच्या पेशंटला मराठीत, समोर बसवून सांगितलं पाहिजे, आणि त्याच्या आईलाही सांगितलं पाहिजे, कारण उशीच्या खोळी तीच झटकते. डॉक्टर निवडतानाही नीट चौकशी करा. हे काम शस्त्रक्रियेचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनंच करावं, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये सांगितलेलं आहे.

पहिले दहा दिवस जपायचे. शॉवरची धार थेट डोक्यावर नको, मगानं हळू पाणी सोडा. खपली नखानं काढायची नाही, कितीही खाजलं तरी. हेल्मेट घालता येत नाही म्हणून दोन आठवडे गाडीच चालवू नका, कुणाच्या तरी मागंही बसू नका. ऊन आणि घाम टाळा. आणि तंबाखू, गुटखा, विडी पूर्ण बंद. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, नव्या मुळाला रक्त कमी पोचतं. तंबाखूचा विषय निघाला की माझा आवाज चढतो, चढू द्या. या गुटख्यानं आपल्या भागातली किती तोंडं उघडेनाशी झाली, ते मी रोज पाहतो.

आणखी एक. मागून आणलेले केस टिकाऊ असतात, टक्कल पाडणाऱ्या संप्रेरकाचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. पण आजूबाजूचे मूळचे केस पातळ होतच राहतात. त्यासाठी डॉक्टर औषध देतात, ते मनानं बंद करू नका. आणि हो, बोअरच्या पाण्यानं टक्कल पडत नाही. ते वारशानं येतं.

मे महिन्यात लग्न झालं. दाजींनी व्याह्यांना आधीच सगळं सांगून टाकलं होतं, लपवाछपवी नको म्हणून. मला दाजींचं हे फार आवडलं. पोराच्या डोक्यावर केस किती आहेत, यावर सोयरीक मोडणारी घरं मी पाहिली आहेत. मुहूर्त होता दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा, अक्षता पडल्या अडीचला. मेच्या उन्हात लहान लेकरं, म्हातारी माणसं दोन-दोन तास ताटकळत बसवायची ही पद्धत आपण आता सोडायलाच हवी. असो. भाच्यानं फेटा उतरवला तेव्हा सातवा महिना चालू होता. पुढं केस होते, विरळ होते, पण होते.

ताप आला, पू झाला, दुखणं वाढत गेलं, तर मात्र थांबू नका, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडं त्याच दिवशी जा.

पुढच्या नोव्हेंबरात दाजींचा खोडवा तुटायला आला. मी रानात गेलो होतो. फडाच्या बांधावर भाचा उभा होता, टोपी न घालता, वाऱ्यानं केस कपाळावर आलेले. भोवऱ्याची जागा अजून पातळ आहे. मी त्याला म्हटलं, अजून सहा महिने दे. दाजी म्हणाले, "देतो की."

नमस्कार.